झेंडूचा देठ

मेलबर्नच्या टोकाला, टार्निटच्या घरातून दहा मिनिटांत बाहेर पडणं आम्हाला कधी जमलं नाही. बाबा आधी गॅसची बटणं बघत, मग मागचं सरकतं दार, मग इस्त्रीचा प्लग, आणि आम्ही गाडीत बसल्यावर "एक मिनिट हं" म्हणून परत आत जात. आई सीटबेल्ट लावून समोर बघत बसे आणि शांतपणे म्हणे, "आता गॅस परत." आणि खरंच, खिडकीतून बाबा ओट्यापाशी वाकलेले दिसत. तेव्हा टार्निटला स्टेशन नव्हतं. आमच्या गल्लीच्या पुढे नुसतं वाळलेलं गवत आणि प्लॉटच्या खुंट्या होत्या, आणि बाबा रोज पहाटे गाडीने चीजच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या शिफ्टला जात. सातारचा माणूस, पुण्यात बरी नोकरी केलेला, पण इथे आल्यापासून सतत धास्तावलेला. कौन्सिलचं पाकीट आलं की ते उघडण्याआधी चष्मा पुसत. सिटिझनशिपचा अर्ज टाकल्यावर तर त्यांनी गाडी ताशी पाच किलोमीटरने आणखी हळू चालवायला सुरुवात केली. ही धास्ती माझ्यात आपोआप उतरली. माझा मुलगा हल्ली मला म्हणतो, "आई, यू चेक एव्हरीथिंग ट्वाइस." मी त्याला सांगते, तुझ्या आजोबांच्या मानाने मी बेफिकीर आहे.

अशा माणसाने रायफल घेतली याचं मला आजही नवल वाटतं. त्याला कारण डग. डग बाबांच्या कारखान्यात फिटर होता, साठीला टेकलेला, लालबुंद मानेचा, बोलणं मोजकं. जेवणाच्या सुट्टीत आईच्या शेंगदाण्याच्या चटणीची त्याला चटक लागली आणि त्या बदल्यात एका शनिवारी तो बाबांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. बाबा परत आले ते खुशीत. मला वाटतं, त्यांना बंदुकीपेक्षा तिचे नियम आवडले. परवाना, परीक्षा, भिंतीला बोल्ट मारून पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःच्या खिशात. जगात एक तरी गोष्ट अशी होती की जिथे सगळं दोनदा तपासणाऱ्याला कोणी हसत नव्हतं. वर्षभराने त्यांनी एक जुनी 'ट्रिपल टू' रायफल घेतली, इथले शेतकरी कोल्ह्यांसाठी वापरतात ती. गॅरेजमधल्या तिजोरीत ती उभी असे आणि आई कपडे वाळत घालायला गॅरेजमधून जाताना तिजोरीकडे न बघता जाई. आई तिला कायम बंदूक म्हणायची आणि "ती" म्हणताना आवाज खाली आणायची, घरात कोणी आजारी माणूस निजलेलं असावं तसा.

डगच्या बहिणीचं शेत मेलबर्न आणि टास्मानियाच्या मधल्या एका बेटावर होतं. कोणे एके काळी कोणीतरी पाळलेल्या टर्की तिथे सुटून रानटी झाल्या होत्या आणि पेरलेलं उकरून, गुरांचं खाणं घाण करून त्यांनी सगळ्यांना जेरीस आणलं होतं. डग दरवर्षी तिथे जाई. रायफलच का, हे त्याने मला आमच्याच डायनिंग टेबलवर मिठाची आणि मिरपुडीची डबी मांडून समजावलं होतं. छऱ्याच्या बंदुकीला तीस-चाळीस पावलांच्या आत जावं लागतं, आणि त्या उघड्या कुरणात टर्की तुम्हाला इतकं जवळ येऊ देत नाही, तिची नजर माणसापेक्षा तीक्ष्ण. रायफलने लांबून, मानेवर, एकच गोळी. पण ती गोळी चुकली तर मैलभर जाते. म्हणून टर्की टेकाडाच्या माथ्यावर असेल तर मारायची नाही, झाडावर असेल तर मारायची नाही. तिच्यामागे मातीचा चढ असेल तरच. "नो डर्ट, नो शॉट," तो म्हणाला. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं. त्या वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, त्याने बाबांना आणि मला बोलावलं. मी सोळा वर्षांची होते, माझ्याकडे ज्युनिअर परवाना होता, पण मी फक्त बघायला जाणार होते.

रायफल साफ करणं हे आमचं रविवारचं दोघांचं काम होतं. गॅरेजचं दार अर्धं उघडं, खाली जुनी चादर, रेडिओवर क्रिकेट. बाबा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा मागचा सरकता दांडा, काढून त्याला तेल लावत आणि मी सळईला चिंधी लावून नळीतून फिरवत असे. मग नळी उजेडाकडे धरून आतून बघायचं. बाबांना नुकताच जवळचा चष्मा लागला होता, त्यांना ते नीट दिसत नसे. सुरुवातीला ते माझ्यानंतर एकदा डोळा लावत, पुढे तेही सोडलं. मी "स्वच्छ आहे" म्हटलं की बोल्ट पुसून आत आणि तिजोरीला कुलूप. घरात दुसऱ्या कोणाच्या शब्दावर त्यांनी काही बंद केल्याचं मला आठवत नाही.

जायच्या आधीच्या आठवड्यात खंडेनवमी आली. सातारला आमच्याकडे खंडेनवमीला एक बोथट तलवार, कोयते, विळी, चुलत्यांच्या मोटरचे पाने असं सगळं पाटावर मांडून पूजा होई. इथे आई मिक्सर, सुऱ्या, बाबांचा टूलबॉक्स, माझा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडायची. त्या वर्षी ती म्हणाली, "तिला पण काढा."

बाबा म्हणाले, "अगं, ती अशी बाहेर नाही ठेवता येत."

"अर्धा तास. तुम्ही समोर बसा राखण करत. लांबच्या गावाला नेताय तिला, आणि माझ्या पोरीला पण. मला हात जोडू दे एकदा."

बाबांनी बोल्ट काढलेला असल्याची दोनदा खात्री केली, पडदे ओढले आणि रायफल पाटावर आणून ठेवली. आईने मनापासून पूजा केली. दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता. मेलबर्नला त्या दिवसांत झेंडू मिळायची मारामार. आईने कुंडीत लावलेल्या रोपांना मोजकी फुलं आली होती, त्यामुळे हार नव्हता, प्रत्येकाला एकेक फूल. मिक्सरवर एक, लॅपटॉपवर एक. रायफलवर फूल ठरेना, घरंगळून पडे. तेव्हा आईने त्याचा हिरवा, जाड देठ नळीच्या तोंडात दाबून बसवला. फूल तिथे छान उभं राहिलं. "तिचं तोंड बंद असलेलंच बरं," ती म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो. निरांजन ओवाळताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले. तेव्हा मला त्याचं हसूच आलं होतं.

नैवेद्य दाखवेपर्यंत बेल वाजली. शेजारच्या शिंदेकाकू, दोन लहान पोरांना घेऊन, आमचा डबा परत द्यायला. बाबांचा चेहरा उतरला. पोरं घरात शिरली असती तर सरळ पाटापाशी आली असती. "मनू, आत, लगेच," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात कोंबून दारात आडवे उभे राहिले, काकूंशी हवेबद्दल काहीतरी बोलत. मी रायफल उचलली, गॅरेजमध्ये गेले, फूल उपटलं. हाताला बारीकसा झटका जाणवला, भेंडी मोडताना जाणवतो तेवढा. माझ्या हातात फूल आलं, देठ आला नाही. नळीत बोट घालून पाहिलं, बोट जाईना. बाहेरून पोरांचा आवाज जवळ येत होता. मी रायफल तिजोरीत उभी केली, कुलूप लावलं आणि रविवारी सळई घालून काढू असं ठरवलं. फूल ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

रविवारी माझी केमिस्ट्रीची असाइनमेंट राहिली होती. बाबांना कारखान्यातून बोलावणं आलं, एक पंप बंद पडला होता. निघताना त्यांनी तिजोरी उघडून दिली, मी चादर अंथरली, आणि त्यांचा परत फोन वाजला. "आवर लवकर, कुलूप लावून निघतो," ते अंगणातून म्हणाले. मी सळई हातात घेतली होती. ती नळीच्या तोंडाशी अडली. मी जोर लावला नाही, कारण आत ओरखडा पडला तर बाबांना कळेल अशी भीती वाटली. ते आत आले तेव्हा मी रायफल परत उभी करत होते.

"केलीस साफ?"

"हो."

"नळी बघितलीस?"

"हो, बघितली."

त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं आणि गेले. असं खोटं मी याआधीही बोलले होते, दात घासल्याचं, आजीला पत्र लिहिल्याचं. हे त्याच रांगेतलं आहे असं मी स्वतःला सांगत राहिले.

निघायला पाच दिवस उरले होते. सोमवारी मी शाळेच्या लायब्ररीत बसून शोधलं, नळीत काही अडकलं असताना गोळी झाडली तर काय होतं. फोटो होते. केळ्याच्या सालीसारखी उलटी सोललेली नळी, फुटलेला दस्ता. माणसाचा फोटो नव्हता, नुसतं लिहिलेलं होतं, आणि ते पुरेसं होतं. मंगळवारी सांगायचं ठरवलं तर बाबा आईवर चिडलेले होते, तिने भरायच्या फॉर्मवर चहा सांडला होता. माझ्या मनात आलं, आता सांगितलं तर ते आईवर जाईल, तिची पूजा, तिचं फूल. आज मी हे प्रामाणिकपणे लिहिते की ती सबब होती. मला आईची काळजी नव्हती. बाबा माझ्याकडे कसं बघतील, एवढंच मला सुचत होतं. बुधवारी, गुरुवारी मी किल्ली मागायला सबब शोधली, सापडली नाही. शुक्रवारी पहाटे आईने धपाटे आणि चटणी बांधून दिली, तिघांसाठी, म्हणजे डगसकट. "टर्की म्हणजे कोंबडीचाच भाऊ," ती म्हणाली. "एक आणा, रस्सा करते." रायफल पेटीत, पेटीला दोन कुलपं. सळई चादरीवरच राहिली होती, ती गॅरेजमधून निघताना मला दिसली. मी उचलली नाही, कारण बाबा विचारतील कशाला.

बेटावर जायचं विमान आमच्या गाडीपेक्षा फार मोठं नव्हतं. त्याच्या आवाजात कोणाला काही सांगणं शक्यच नव्हतं आणि त्याचा मला आनंद झाला. बेटावर उतरलो तर आडवा पाऊस. डगचा बेत असा होता की पोचल्यावर पुठ्ठ्यावर दोन गोळ्या झाडून नेम तपासायचा. मी त्याच्या बहिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून पाऊस थांबू नये म्हणून देवाला विनवत होते. पाऊस थांबला नाही. "इन द मॉर्निंग देन," डग म्हणाला. बाबांनी रायफल तिथल्या तिजोरीत ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. डगच्या बहिणीने भाजलेलं मटण आणि बटाटे वाढले. बाबा मन लावून जेवले, तिला पुण्याच्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या, तिला हसवलं. किती तरी दिवसांत मी त्यांना इतकं सैल बघितलं नव्हतं. त्यांच्या उजव्या गालावर दाढी करताना राहिलेला एक केसांचा ठिपका होता. दस्ता तिथेच टेकतो, हे मला माहीत होतं, आणि माझी नजर तिथून हलेना.

सकाळी आकाश धुतलेलं होतं. आम्ही पुठ्ठा घेऊन डगच्या बहिणीच्या युटमधून, मागून उघड्या छोट्या टेंपोतून, निघालो खरे, पण पहिल्याच फाटकापाशी डगने हात वर केला. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला, टेकाडावरच्या टी-ट्रीच्या झुडपांच्या कडेने, आठ-दहा काळ्या आकृती चालत होत्या. त्यांतला नर शेपूट पसरून स्वतःभोवती फिरत होता आणि त्याच्या त्या गुरगुरत्या, फुटक्या आवाजाने सगळा कुरणाचा खोलगट भाग भरून गेला होता. डग कुजबुजला की पुठ्ठा नंतर, हा चान्स परत नाही यायचा. बाबा क्षणभर घोटाळले, कारण हे वहीतल्या क्रमाविरुद्ध होतं. मग ते ओल्या गवतावर पालथे झाले, पिशवीवर रायफल टेकवली, बोल्ट बसवला, एक गोळी आत सरकवली. डग त्यांच्या डावीकडे, मी मागे दुर्बीण घेऊन. नर अजून टेकाडाच्या माथ्यावर होता. त्याच्यामागे नुसतं आभाळ.

"नॉट येट," डग म्हणाला. "लेट हिम कम डाउन."

त्याने खाली यायला किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. तो तीन पावलं टाके, थांबे, फुगे, परत तीन पावलं. मी दुर्बिणीतून त्याच्याकडे बघतच नव्हते, मी बाबांच्या कानाकडे बघत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला. गाल दस्त्यावर टेकला. बोट अजून बाहेर होतं, चापाच्या कडीला लावून सरळ, शिकवलं होतं तसं.   मला वाटलं, देठ वाळला असेल, गळून पडला असेल, काही होणार नाही. असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. दोन-तीन श्वासांपुरतं मी ते चालू दिलं. नर उतारावर आला. त्याच्यामागे आता माती होती.

"ऑल युअर्स," डग म्हणाला.

बोट आत गेलं.

"बाबा, मारू नका."

पक्ष्यांच्या माना वर झाल्या. बाबा हलले नाहीत. "मनू, आत्ता नको," ते दस्त्यावरूनच हळू म्हणाले. त्यांना वाटलं मला पक्ष्याची दया आली. डगलाही तेच वाटलं, तो माझ्याकडे बघून समजुतीने हसला.

"बाबा, नळीत देठ आहे. फुलाचा. मी साफ नाही केली. मी खोटं बोलले."

हे मी ओरडून बोलले असणार, कारण टर्की धडधडत झुडपात घुसल्या. बाबांचं बोट बाहेर आलं. त्यांनी बोल्ट मागे ओढला, गोळी काढून खिशात ठेवली, बोल्ट पूर्ण बाहेर काढला, गुडघ्यांवर उठले आणि नळी आभाळाकडे धरून मागून डोळा लावला. इतकं लख्ख ऊन होतं, तरी नळीतून उजेड येत नसणार. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी रायफल खाली केली आणि डगकडे दिली. डगने बघितलं. त्याच्या मानेचा लाल रंग उतरला.

"जीझस," तो म्हणाला. "हाउ?"

"माय फॉल्ट," बाबा म्हणाले. "आय डिडन्ट लुक."

डगने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. त्याला मराठी येत नव्हतं, पण तो मूर्ख नव्हता. "यू ऑल्वेज लुक, मेट," तो म्हणाला. "एव्हरी टाइम. डझन्ट मॅटर हू टोल्ड यू व्हॉट."

"येस," बाबा म्हणाले.

डगने युटमधून त्याची सळई आणली. दोन-तीनदा ठोकल्यावर देठ बाहेर आला, बोटाच्या पेराएवढा, फुगून तपकिरी झालेला, त्याला कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा चिकटलेला. बाबांनी तो रुमालात बांधला. डगने विचारलं, दुपारी परत येऊ या का, वारा पडेल. बाबा म्हणाले, नको. आम्ही तिघांनी युटच्या मागच्या फळीवर बसून धपाटे खाल्ले. डगने नेहमीसारखी चटणी मागून घेतली आणि मग आम्हा दोघांकडे एकदा पाहून तो फाटक बघायला म्हणून उठून गेला.

मी रडत होते. मला वाटलं बाबा आता तरी ओरडतील. ते त्यांच्या हाताकडे बघत होते, उजव्या, पालथा करून, सुलटा करून.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"बोललीस ना," ते म्हणाले. "वेळेत बोललीस." मग, तक्रार नाही, नुसती माहिती दिल्यासारखं, "मी बघितलं नाही, कारण तू बघितलं म्हणालीस."

परतीच्या विमानात चढण्याआधी त्यांनी एवढंच बजावलं, आईला काही सांगायचं नाही. रविवारी दुपारी आईने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "मिळाली?" कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. बाबा म्हणाले, "फार लांब होत्या." तिने त्याच वाटणात अंडी सोडली. जेवताना बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि रस्सा छान झालाय म्हणाले. आईला आजतागायत माहीत नाही. हे मी लिहिलेलं ती वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि तेव्हा तिला सांगायला मी समोर असेन, एवढी काळजी मी घेतली आहे.

रायफल त्यांनी विकली नाही. मला वाटलं होतं विकतील, किंवा मला तिच्यापासून लांब ठेवतील, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण पुढच्या रविवारी त्यांनी चादर अंथरली, रेडिओ लावला आणि सळई माझ्या हातात दिली. मी चार चिंध्या बदलल्या. नळी उजेडाकडे धरली, बघितलं, परत बघितलं. "स्वच्छ आहे," मी म्हटलं. बाबा "बरं" म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातून रायफल घेतली, गॅरेजच्या दारापर्यंत चालत गेले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाठ करून नळीला डोळा लावला. मी युनिव्हर्सिटीसाठी घर सोडेपर्यंत दर रविवारी ते तसंच करत राहिले. ते बरोबरच होतं, डगने सांगितलेला नियमच तो आहे. मी दर रविवारी चिंध्या गोळा करत खाली बघत बसे, त्यांचं बघून होईपर्यंत.